वीस उत्तर, सत्याहत्तर पूर्व

नाशकात राहणाऱ्या माणसाला आपला पत्ता सांगताना अडचण पडू नये, अशी व्यवस्था देवाधर्मापासून पोस्टखात्यापर्यंत सर्वांनी करून ठेवलेली आहे. पूजेला बसले की गुरुजी संकल्प सोडायला लावतात. त्यात आरंभ जंबुद्वीपापासून होतो; मग भरतखंड येते, मग दंडकारण्य, आणि शेवटी गोदावरीचा काठ. शिवाय शक, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी आणि वार. म्हणजे यजमान कोठे बसला आहे आणि केव्हा बसला आहे, दोन्ही पक्के. कोल्हापूरचा गृहस्थही आपण गोदावरीच्या दक्षिण तीरावर बसलो आहोत असेच सांगतो, आणि ते खोटे नसते. तीर जरा लांब पडला एवढेच. आमचे मात्र तसे नाही. जुने नाशिक दक्षिण तीरावर आणि पंचवटी उत्तर तीरावर. पूल ओलांडला की संकल्पातला एक शब्द बदलतो.

पोस्टखात्याने आम्हाला ४२२ ००१ हा आकडा दिला. पिनकोडची ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती बसवणारे गृहस्थ श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी होते, पोस्टखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांचा आकडा वाचता येतो: पहिला ४ पाहिला की पत्र पश्चिमेकडच्या विभागाचे, ४२२ पाहिले की नाशिकचे. दूरध्वनीला ०२५३ आहे. मोटारीवर एमएच १५ आहे. इतकेच काय, हिंदी नागरिक परदेशी निघाला की ज्या पुस्तिकेवर त्याची ओळख पटते, ते पारपत्र आमच्या नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यातून बाहेर पडते.

आणि अशा या नाशकात, माझ्या राहत्या घरी, आतून कडी लावून बसलो असताना, मी मुंबईला आहे असे मला एका बँकेने कळवले.

झाले होते असे. मी संगणकावर माझेच खाते उघडले होते. लगेच फोनवर निरोप आला, की आपल्या खात्यात मुंबईहून कोणी शिरले आहे, ते आपणच का? मी घाबरून नातीला हाक मारली. तिने शांतपणे सांगितले, “आजोबा, तो आपल्या आयपी नंबरवरून काढलेला अंदाज असतो. थांबा, गंमत दाखवते.” असे म्हणून तिने असे पत्ते शोधून देणाऱ्या चार-पाच याद्या एकामागून एक पाहिल्या. एकीने मला मुंबईला बसवले, दुसरीने पुण्याला, तिसरीने पुन्हा मुंबईलाच, पण दुसऱ्या उपनगरात. नाशिक कोणीच म्हणेना. शेवटी एक जुनी यादी होती. तिने सगळे शहाणपण बाजूला ठेवून नुसते ‘भारत’ असे उत्तर दिले आणि नकाशावर एक टाचणी टोचून ठेवली. टाचणीखाली आकडे होते: अक्षांश २० उत्तर, रेखांश ७७ पूर्व.

“हे कुठे आले?” नातीने विचारले.

ते कोठे आले हे मला लगेच सांगता आले नाही. पण पहिला आकडा पाहून मी जरा चमकलो. कारण वीस अंश उत्तर हा आमचाच अक्षांश आहे! ही रेघ नाशिक शहरातून जाते. रामकुंड तिच्या उत्तरेला जेमतेम एक किलोमीटर, आणि पांडवलेण्यांचा डोंगर दक्षिणेला सहा-सात किलोमीटर. म्हणजे नाशकाहून निघून डावे-उजवे न वळता पूर्वेकडे चालत राहिले, तर सुमारे ३३५ किलोमीटरवर तो ‘भारत’ नावाचा बिंदू लागतो. नकाशा पसरून पाहिला. बिंदू वाशीम जिल्ह्याच्या टापूत, रिसोड आणि वाशीम यांच्या मधल्या रानात पडत होता. नागपूरकर ज्या झिरो माइलच्या दगडाचा एवढा अभिमान बाळगतात, त्याला न जुमानता संगणकाने देशाचे बूड वऱ्हाडातल्या एखाद्या वावरात ठेवले होते. तेथे जाऊन यायचे मी त्याच दिवशी ठरवले.

पण निघण्यापूर्वी हा नंबर म्हणजे काय प्रकार आहे, ते समजून घेणे भाग होते.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडा लागतो, नाहीतर मागितलेला मजकूर परत कोणाकडे धाडायचा? १९८१ साली ठरलेल्या पद्धतीत हा आकडा चार भागांचा असतो, आणि प्रत्येक भाग शून्यापासून २५५ पर्यंतचा. असे आकडे सगळे मिळून ४२९ कोटी ४९ लाखांच्या आसपास होतात. त्या काळी ते अक्षय्य वाटले असावेत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातले शेवटचे पाच गठ्ठे जगातल्या पाच विभागीय नोंदणी-कचेऱ्यांना वाटून कोठार रिकामे झाले. आपली आशियाची कचेरी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे आहे. २०१२ पासून हिंदुस्थानचीही स्वतंत्र नोंदणी तिच्या हाताखाली चालते. लांब आकड्यांची नवी पद्धत निघाली आहे, परंतु जुनी अजून गेलेली नाही. ती पुरवून पुरवून वापरायची म्हणून कंपन्या एकाच आकड्यावर शेकडो गिऱ्हाइके बसवतात. आणि आज जो आकडा माझ्याकडे, तो उद्या दुसऱ्याकडे.

वेलणकरांच्या आकड्यात आणि या आकड्यात फरक आहे तो येथे. पिनकोड जागेला दिलेला असतो. हा आकडा जागेला दिलेला नसतो. तो कंपनीला दिलेला असतो, आणि कंपनी तो आपल्या सोयीने कोठेही नेते. आकड्याकडे पाहून गाव कळण्याची काही सोय त्यात मुळातच नाही. नोंदणीत सापडते ते कंपनीचे नाव आणि तिच्या कचेरीचा पत्ता, म्हणजे बहुधा मुंबई, दिल्ली, बंगळूर.

हे वाचत असताना मला आमच्या पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांची आठवण झाली, आणि मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. नाशिकच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या घरी यात्रेकरूंच्या वह्या असतात हे सर्वांना ठाऊक आहे. लांबट आकाराच्या, कापडात बांधलेल्या. जुन्या असतील तर मोडीत लिहिलेल्या. कोणी श्राद्धाला आला, कोणी सिंहस्थात स्नानाला आला, की त्याचे नाव, बापाचे, आज्याचे, भावांचे, मुलांचे नाव त्यात उतरायचे आणि खाली त्याची सही घ्यायची. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजाचे अक्षर येथे पाहायला मिळते, आणि भले भले लोक ते पाहताना गप्प होतात.

गुरुजींनी मला पाट दिला आणि विचारले, “गाव कोणते?”

“मी इथलाच. गंगापूर रस्त्याला राहतो.”

“राहता कोठे ते नको हो, नाना. गाव सांगा.”

मी संगमेश्वराकडचे एक गाव सांगितले. माझ्या पणजोबांनी ते सोडले, आणि मी ते जन्मात दोनदा पाहिले असेन. पण गुरुजी आत गेले आणि पाच मिनिटांत वही घेऊन आले. गाव, मग आडनाव, मग घराणे, अशा क्रमाने बोट फिरत गेले आणि माझ्या पणजोबांच्या सहीवर येऊन थांबले. चार पिढ्या नाशकात काढूनही वहीच्या लेखी आम्ही संगमेश्वराचेच. त्याने काही बिघडत नाही. कारण वही तुम्ही कोठे आहात हे सांगण्यासाठी नाहीच. तुम्ही कोणाचे आहात हे ती सांगते. ब्रिस्बेनची वहीही तेच सांगते: हा आकडा अमुक घराण्याचा. तो सध्या कोठे नांदतो, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. फरक इतकाच, की आमचे गुरुजी आपल्या वहीतून माझा आजचा पत्ता काढून कोणाला विकत नाहीत.

आणि नेमका तोच धंदा या पत्तेशोधक कंपन्या करतात. नोंदणी-वही तर त्या वाचतातच; वर आणखी तर्क लढवतात. एक तर्क वेळेचा. काचेच्या तारेतून प्रकाश एका सेकंदात सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. एखाद्या आकड्याला मुंबईहून हाक मारली आणि दोन सहस्रांश सेकंदात उत्तर आले, तर जाऊन-येऊन अंतर चारशे किलोमीटरच्या आत. म्हणजे तो मुंबईपासून दोनशे किलोमीटरच्या पलीकडे असूच शकत नाही. पण अलीकडे कोठे आहे, नाशकात की पुण्यात की दादरला, हे यावरून कसे ठरवणार? दुसरा तर्क वाटेवरच्या यंत्रांच्या नावांचा. कंपनीचे लोक सोयीसाठी त्या नावांत गावाची अक्षरे घालतात, ती वाचायची. तिसरा, लोकांनी स्वतःच कोठे कोठे भरून दिलेल्या पत्त्यांचा. हे सगळे जुळले तर गाव बरोबर निघते. देश तर बहुतेक वेळा बरोबर निघतोच. घर मात्र यातून निघत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ लोक तिची गल्लत करतात. आपल्या हातातल्या फोनला स्वतःची जागा दहा-पाच हातांपर्यंत कळते, ती उपग्रहांमुळे. ती फोनची विद्या. आकड्याला ती येत नाही.

पत्ता स्वतः सांगावा आणि दुसऱ्याला तर्क करायला लावू नये, ही चाल नाशकात फार जुनी आहे. पांडवलेण्यांत सतराव्या क्रमांकाच्या लेण्यात एका यवनाचा लेख आहे. इंद्राग्निदत्त त्याचे नाव. आपण धर्मदेवाचा मुलगा, जातीने यवन, उत्तरेकडचे, दत्तामित्री गावचे, असे त्याने दगडात कोरून ठेवले आहे. शेजारच्या चैत्यगृहावर तर खुद्द नाशिककरांच्या दानाची नोंद आहे, आणि तीत आमच्या गावाचे नाव दोन हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांत उभे आहे. मी निघण्याच्या आदल्या दिवशी त्या दोनशे-अडीचशे पायऱ्या चढून जाऊन ते अक्षर पुन्हा पाहून आलो. गुडघ्यांनी कुरकुर केली. असो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी नाशिकच्या मध्यवर्ती स्थानकावरून मी पूर्वेकडची एस.टी. धरली. आता समृद्धी महामार्ग झाला आहे. जून २०२५ मध्ये त्याचा इगतपुरीकडचा शेवटचा तुकडाही खुला झाला आणि मुंबई-नागपूर ७०१ किलोमीटर सलग जोडले गेले. मोटारवाले त्यावरून सिंदखेडराजा काही तासांत गाठतात. पण मला रेघेवरची गावे पाहायची होती, आणि महामार्गावरून गावे दिसत नाहीत, गावांच्या नावांच्या पाट्या दिसतात.

निफाड, विंचूर, येवले. येवल्यापर्यंत गाडी रेघेच्या आसपासच राहते. येवले पैठणीचे गाव म्हणून प्रसिद्ध. तात्या टोप्यांचा जन्म येथला, हे मात्र बस-थांब्यावर चहा पिणाऱ्या दोघांपैकी एकालाच ठाऊक होते. पुढे वैजापूरला रस्ता रेघ सोडून दक्षिणेला झुकतो. रेघ मात्र सरळ जाते आणि खुलताबाद आणि वेरूळ यांना खेटूनच पुढे सरकते. कैलास लेणे आणि नाशिकचे बसस्थानक जवळजवळ एका अक्षांशावर आहेत, हे मला साठी उलटून गेल्यावर कळले.

छत्रपती संभाजीनगरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जालन्याकडे निघालो. जालन्याच्या थोडे अलीकडे एक अदृश्य ठिकाण लागते. आपल्या जुन्या ज्योतिष्यांची मध्यरेषा उज्जयिनीवरून जात असे. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी ती दक्षिणोत्तर रेघ. ग्रीनविचला कोणी ओळखत नव्हते तेव्हा आपल्याकडे रेखांश येथून मोजत. गणित करणारा ज्योतिषी आपले गाव या रेघेच्या पूर्वेला की पश्चिमेला, किती योजने, हे आधी पाही आणि मग ग्रहांच्या वेळा त्याप्रमाणे दुरुस्त करून घेई. बदनापूरच्या आसपास आमची एस.टी. ती रेघ ओलांडून गेली. कंडक्टरला मी हे सांगितले. “इथे थांबा नाही, बाबा,” तो म्हणाला.

सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी पायांवर डोके ठेवले आणि संध्याकाळी लोणारला पोचलो. लोणारही याच रेघेवर आहे, विसाव्या अंशाच्या किंचित खाली. पावणेदोन किलोमीटरहून अधिक रुंदीचे ते विवर काठावर उभे राहून पाहिले, की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षे हे ज्वालामुखीचे तोंड आहे असे पुष्कळ पंडित मानत राहिले. १९७० नंतरच्या दशकात तळाशी भोके पाडून खडक तपासले, तेव्हा ही उल्केच्या धडकेची खूण आहे हे पक्के झाले. जून २०२० मध्ये याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले होते, तेव्हा लोक पुन्हा तर्क करू लागले. तो खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांचा रंग निघाला.

लोणारला ज्या खोलीत उतरलो होतो, तेथे रात्री मी कान्ससची हकीकत पुन्हा एकदा वाचून काढली. वाचकांनीही ती ऐकली पाहिजे. त्यावाचून पुढच्या दिवसाचा अर्थ कळणार नाही.

मॅक्समाइंड नावाची एक अमेरिकन कंपनी २००२ पासून आयपी आकड्यांचे पत्ते सांगण्याचा व्यवसाय करते. तिची यादी जगभर हजारो धंदेवाले वापरतात. एखाद्या आकड्याविषयी ‘अमेरिका’ यापलीकडे काही कळले नाही, तर नकाशावर टाचणी कोठे टोचायची? कंपनीने विचार केला, देशाच्या मध्यावर टोचू. मध्य येतो ३९ अंश ५० कला उत्तर, ९८ अंश ३५ कला पश्चिम. हे आकडे बोजड दिसतात म्हणून त्यांचे सुटसुटीत रूप घेतले: ३८ उत्तर, ९७ पश्चिम. हे ठिकाण नेमके कान्सस राज्यात, पॉटविन गावाजवळच्या एका शेतघराच्या अंगणाशी पडले. हळूहळू साठ कोटींहून अधिक आकडे त्या अंगणात येऊन राहिले.

त्या घरी काय काय झाले! हरवलेली मुले शोधत पोलीस आले. चोरीचा फोन मागायला लोक आले. करवसुलीचे अधिकारी आले, संघराज्याचे गुप्त पोलीस आले, जीव द्यायला निघालेल्या माणसाला वाचवायला रुग्णवाहिका आल्या. कोणा रागावलेल्या माणसाने मोडका शौचकूप आणून रस्त्यात टाकला. जमीन शंभर वर्षे एकाच घराण्यात. मालकीण ब्याऐंशी वर्षांची बाई. घरात भाड्याने राहणारे कुटुंब साधे. कोणालाच कळेना, जगातले सगळे चोर आपल्याच घरी राहतात असे लोकांना का वाटते. एप्रिल २०१६ मध्ये एका बातमीदार बाईंनी हे कोडे सोडवून छापले. त्यांचे नाव कश्मीर हिल. भूगोलाचे कोडे सोडवायला नावही भूगोलाचेच मिळाले! बातमी येताच कंपनीने टाचणी उचलली आणि विचिटा शहराच्या पश्चिमेला एका तळ्याच्या पाण्यात टोचली. भाडेकऱ्यांनी ऑगस्टमध्ये दावा लावला.

आणि हिंदुस्थानसाठी हीच कंपनी वर्षानुवर्षे जो आकडा देत होती तो २० उत्तर, ७७ पूर्व. अमेरिकन गुप्तहेर खात्याच्या ‘वर्ल्ड फॅक्टबुक’मध्ये देशाची जागा म्हणून हाच गोळाबेरीज आकडा दिलेला असे. अशा याद्या एकमेकांवरून उतरून घेतल्या जातात, आणि जुनी प्रत वापरणारा जुनाच आकडा वापरत राहतो. माझ्या नातीला सापडली ती त्यांपैकीच एक. आपल्याकडे घर न पडता रान पडले, एवढाच फरक. की घर पडले होते? तेच पाहायला मी चाललो होतो.

तिसऱ्या दिवशी रिसोडला उतरलो. तेथून वाशीमच्या अंगाला जाणारी एक प्रवासी रिक्षा मिळाली. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. एके काळी पत्ते तेथून सुटत. हे सारे पैनगंगेचे खोरे. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेला, आणि प्राणहिता शेवटी आमच्या गोदावरीला. संकल्पाच्या दृष्टीने मी अजून गोदेच्या तीरावरच होतो, फक्त उत्तर तीरावर.

एका फाट्यावर उतरून, हातात फोन धरून, आकडे पाहत मी पायवाटेने चालू लागलो. गावाचे नाव येथे लिहीत नाही. कारण वाचकांच्या लक्षात आलेच असेल. पूर्णांकी अक्षांश आणि पूर्णांकी रेखांश जेथे छेदतात तेथे जाऊन छायाचित्र काढण्याचा छंद असलेले लोक जगात आहेत. त्यांना तो बिंदू शोधता येईलच. पण मी वाटाड्या होणार नाही.

सोयाबीन निघून गेले होते. तूर छातीएवढी उभी होती, काही ठिकाणी शेंगांवर आलेली. पलीकडे हरभऱ्याचा हिरवा पट्टा. फोनवरच्या अक्षांशातले शेवटचे आकडे वर-खाली करत करत शून्यावर आले, तेव्हा मी एका धुऱ्याजवळ उभा होतो. समोर एक बाभूळ होती. बाकी काही नव्हते. मौज म्हणून मी तेथूनच त्या याद्यांना माझ्या फोनचा आयपी पत्ता विचारला. उत्तर आले, मुंबई! कारण मोबाइल कंपनी या रानातला सगळा मजकूर आपल्या मोठ्या शहरातल्या दारातून आत-बाहेर करते. म्हणजे ज्यांचा पत्ता लागत नाही त्या सर्वांचा पत्ता असलेल्या जागी प्रत्यक्ष उभा राहिलेला माणूस तेथला नव्हताच.

“काय मोजून रायले जी?” मागून आवाज आला.

पन्नाशीचे गृहस्थ होते, डोक्याला पांढरे फडके, हातात विळा. त्यांच्या नजरेत संशय होता, आणि तो रास्त होता. समृद्धी महामार्ग झाल्यापासून या भागात हातात यंत्र घेऊन धुऱ्यावर उभा राहणारा शहरी माणूस काय करतो, हे लोकांनी पाहिलेले आहे.

“काही मोजत नाही, भाऊ. नुसता पाहायला आलो.”

“अजून एखांदा रस्ता येऊन रायला का?”

“नाही नाही. रस्त्याचे काही नाही.” मग मी त्यांना सगळे सांगितले, जमेल तितके सोपे करून. की परदेशात एक यादी होती; हिंदुस्थानातल्या ज्या माणसाचे गाव सापडत नाही, तो इथे राहतो असे तीत लिहिले होते.

“इथं?” त्यांनी चारी दिशांना पाहिले. “इथं त रातच्याले रानडुकरं येतेत. दुसरं कोनी नाही.”

त्यांच्याकडे कधी कोणी चौकशीला आले होते का, असे मी विचारले. पोलीस, टपाल, परके लोक? नाही म्हणाले, मोजणीवाले तेवढे येऊन गेले. मला हायसे वाटले. पण ते विचारात पडले होते. विळ्याच्या टोकाने धुऱ्यावरचे गवत टोकरत ते म्हणाले, “मंग कोनं चोरी केली अन् त्याचं गाव नाही सापडलं, त मले इचारतीन का?”

मी त्यांना ठामपणे ‘नाही’ म्हणून सांगू शकलो असतो तर बरे झाले असते. परंतु मला पुण्याची हकीकत ठाऊक होती. २००७ साली ऑर्कुटवर शिवछत्रपतींची निंदा करणारा मजकूर कोणी टाकला. पुणे पोलिसांनी आयपी आकडा मिळवला आणि तो त्या वेळी कोणाकडे होता असे कंपनीला विचारले. कंपनीने एक नाव दिले. ऑगस्टच्या अखेरीस बंगळूरहून एका सव्वीस वर्षांच्या संगणक-अभियंत्याला पकडून आणले. नाव चुकीचे होते. तो आकडा त्या क्षणी त्याच्याकडे नव्हताच. हे उघडकीस येऊन त्याची सुटका होईपर्यंत त्याचे ५० दिवस तुरुंगात गेले. यात टाचणीचा किंवा नकाशाचा दोष नव्हता. आकडा खरा होता, वहीत नाव भलतेच लागले. आकड्याला तिथी जोडल्याशिवाय तो कोणाचाच नसतो, आणि तिथी लावताना कारकुनाचा हात चुकला तर माणूस आत जातो. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने हुकूम काढून कंपन्यांना नोंदी १८० दिवस जपायला लावल्या, आणि सर्वांनी आपली घड्याळे सरकारी घड्याळाशी मिळवून ठेवावीत असेही त्यात लिहिले. घड्याळाची आठवण पंधरा वर्षांनी का होईना, झाली.

यातले थोडे मी त्यांना सांगितले. तुरुंगाचे ऐकून ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्यायच्या यादीत गट नंबर नसते काय?”

“नसतो.”

“सातबारा?”

“नाही.”

“फेरफार झाला त लिवते कोन?”

“लिहितात, पण कधी लिहितात कधी राहून जाते.”

“मंग ते यादी कायची?” त्यांनी विळा दुसऱ्या हातात घेतला. “कापी हाये का तुमच्यापाशी? लिवून घ्या.”

मी वही काढली. त्यांनी गावाचे नाव सांगितले, मग तालुका, मग जिल्हा. मग गट क्रमांक, मग क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, चतुःसीमा, पूर्वेला कोणाचे वावर, पश्चिमेला कोणाचे, बाभूळ कोणाच्या हद्दीत येते आणि त्यावरून आज्याच्या वेळी भांडण कसे झाले होते, ते सगळे. मी लिहीत गेलो. लिहून झाल्यावर त्यांनी मला ते एकदा वाचून दाखवायला लावले, एका ठिकाणी आरचा आकडा दुरुस्त केला, आणि फाट्यावर साडेचारची एस.टी. येते, ती कधी कधी आधीच निघून जाते, तेव्हा उशीर करू नका असे सांगून ते तुरीत शिरले.